जपानीचा सप्टेंबर चुकला तेव्हा: कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जातानाचं एक प्रकरण

प्रकरण कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीतलं आहे. मुलगी अठरा वर्षांची, घरात मराठी, शाळेत तीन वर्षं स्पॅनिश झालेलं. तिला विद्यापीठात जपानी हा मुख्य विषय घ्यायचा होता. पहिली दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, करायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, एखाद्या कॅम्पसला ट्रान्सफर घ्यायची असं ठरलं. ही मुलगी कुणी एक नाही. या वाटेवर वारंवार येणाऱ्या अडचणी एका विद्यार्थिनीच्या दोन वर्षांत बसवून इथे मांडल्या आहेत. नियम, आकडे आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.

निर्णय चांगलाच होता. कॉलेज क्वार्टर पद्धतीचं होतं, म्हणजे वर्षाचे तीन भाग: सप्टेंबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. अशा कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (वर्गाचं वजन मोजायचं माप) ३१ डॉलर पडतात. सेमिस्टरच्या, म्हणजे वर्षाचे दोन भाग करणाऱ्या, कॉलेजात ४६. पाच युनिटांचा जपानीचा वर्ग १५५ डॉलरला होतो. यूसीची फी वर्षाला १५ हजार डॉलरच्या आसपास जाते आणि राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. शिवाय कम्युनिटी कॉलेजातल्या प्राध्यापकांचं मुख्य काम शिकवणं हेच असतं. भाषेची पहिली दोन वर्षं अशा वर्गात गेली तर पाया पक्का होतो.

चूक झाली ती पहिल्याच सप्टेंबरात. वेळापत्रक भरताना आई म्हणाली, "अगं, आधी इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्स उरकून टाक. भाषा काय, कधीही घेता येते." पोरीलाही ते पटलं. तिने इंग्रजी (५ युनिटं), स्टॅटिस्टिक्स (५) आणि मानसशास्त्र (४) घेतलं. डिसेंबरात पुढच्या क्वार्टरची नोंदणी उघडली तेव्हा यादीत जपानी २ होतं, जपानी १ नव्हतं. एप्रिलच्या यादीत जपानी ३. जपानी १ पुन्हा थेट पुढच्या सप्टेंबरात.

आईचं म्हणणं बाकी जवळजवळ सगळ्या विषयांना लागू पडतं. मानसशास्त्र, इतिहास, भूगर्भशास्त्र कुठल्याही क्वार्टरला घ्या, मागेपुढे करा, काही बिघडत नाही. भाषा ही साखळी आहे. जपानी १ झाल्याशिवाय २ नाही, २ शिवाय ३ नाही, आणि मुख्य विषयासाठी जपानी ६ पर्यंत पोहोचायचं तर सहा क्वार्टर लागतात. कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांत क्वार्टरही बरोबर सहाच असतात. म्हणजे ढिलाईला जागा शून्य. पहिला क्वार्टर गेला की एकच क्वार्टर जात नाही, पुढचा सप्टेंबर येईपर्यंत अख्खं वर्ष जातं.

कॉलेज दर क्वार्टरला जपानी १ का ठेवत नाही, असं पालक रागाने विचारतात. कारण साधं आहे. सप्टेंबरात पहिल्या वर्गात ३० मुलं बसतात, जूनपर्यंत त्यातली निम्मीच उरतात आणि दुसऱ्या वर्षाला जेमतेम एक वर्ग भरतो. पटसंख्या ठरावीक आकड्याखाली गेली की वर्ग रद्द होतो. सगळी मुलं एकाच तुकडीने पुढे नेली तरच वरचे वर्ग टिकतात. त्यात अमेरिकेत भाषा शिकणाऱ्यांची संख्याच घटते आहे: २०१६ ते २०२१ या काळात इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या वर्गांतली नोंदणी १६.६ टक्क्यांनी कमी झाली. कोरियनची मात्र ३८.३ टक्क्यांनी वाढली. म्हणून वरच्या पातळीचा वर्ग आपल्या कॉलेजात दर वर्षी खरंच भरतो का, हे पहिल्या दिवशीच विभागाला विचारावं. छापील कॅटलॉगमध्ये वर्गाचं नाव असणं आणि वेळापत्रकात तो वर्ग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या तीन वर्षांची वेळापत्रकं बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर सापडतात. त्यात जपानी ४, ५, ६ कधी होते ते बघायला वीस मिनिटं पुरतात.

आता हिशोब. पुढच्या सप्टेंबरात जपानी १ सुरू केलं असतं तर ट्रान्सफरच्या वेळी तिचं जपानी ३ झालं असतं. विद्यापीठात तिसऱ्या वर्षी ती दुसऱ्या वर्षाची भाषा शिकली असती, चौथ्या वर्षी तिसऱ्या वर्षाची, आणि ज्या साहित्य व भाषाशास्त्राच्या वर्गांना तिसऱ्या वर्षाची भाषा लागते ते उरले असते पाचव्या वर्षाला. वाचवलेल्या पैशांपैकी बरेचसे त्या पाचव्या वर्षात गेले असते. नाहीतर जपानी हा मुख्य विषय सोडून दुय्यम विषय म्हणून घ्यावा लागला असता.

जानेवारीत तिच्यासमोर तीन रस्ते होते.

पहिला: उन्हाळ्यात विद्यापीठाच्या सखोल वर्गात आठ-दहा आठवड्यांत पहिलं वर्ष पूर्ण करणं. भाषेसाठी हा उत्तम मार्ग आहे, पण खर्च हजारो डॉलरचा. दुसरा: खासगी क्लास किंवा ॲपवर घरी शिकून प्लेसमेंट, म्हणजे पातळी ठरवणाऱ्या, परीक्षेने थेट जपानी ४ मध्ये शिरणं. हे जमतं, पण त्याने युनिटं मिळत नाहीत. काही कॅम्पसना भाषेची तयारी युनिटांसकट गुणपत्रिकेवर दिसायला हवी असते. तिसरा: शेजारच्या सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात जानेवारीअखेर सुरू होणारं जपानी १ए आणि उन्हाळ्यात १बी, म्हणजे तिथल्या पहिल्या वर्षाचे दोन भाग.

तिने तिसरा रस्ता घेतला, आणि तो घेण्याजोगा का होता हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे सेमिस्टरच्या एका युनिटमागे अभ्यासासकट किमान ४८ तास काम धरतात, क्वार्टरच्या एका युनिटमागे ३३. पाच युनिटांचे तीन क्वार्टर म्हणजे ४९५ तास. पाच युनिटांची दोन सेमिस्टरं म्हणजे ४८०. एका वर्षाचं माप जवळपास सारखं. पण वर्षाच्या मधे कुठेही तोडलं की माप जुळत नाही. १ए हे जपानी १ पेक्षा जास्त आणि जपानी २ पेक्षा कमी, साधारण दीड क्वार्टर. १ए करून आपल्या कॉलेजात जपानी २ घेतलं तर अर्धा भाग पुन्हा होतो. थेट ३ घ्यायला गेलं तर अर्धा क्वार्टर मधे राहून जातो. साखळी तोडावीच लागली तर ती वर्षाच्या सांध्यावर तोडावी. पहिलं वर्ष पूर्ण एका कॉलेजात, दुसरं वर्ष पूर्ण दुसऱ्या कॉलेजात.

हे खरोखर चालेल का, याचं उत्तर असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर मिळतं. कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक कॉलेजातला कुठला वर्ग कुठल्या विद्यापीठात कशाच्या बरोबरीचा धरतात, ते तिथे जोडी-जोडीने दिलेलं असतं. तिला दोन वेगळे शोध घ्यावे लागले. शेजारच्या कॉलेजचं १ए आणि १बी मिळून हव्या त्या कॅम्पसचं पूर्ण पहिलं वर्ष भरतं का? आणि आपल्या कॉलेजचं ४, ५, ६ मिळून तिथलं दुसरं वर्ष? दोन्हीकडे होकार मिळाल्यावरच नाव नोंदवायचं. अनेकदा नोंद अशी असते की मालिका पूर्ण झाली तरच बरोबरी धरली जाईल. एकटं १ए केलं आणि १बी सुटलं तर युनिटं मिळतील, पण विद्यापीठातला वर्ग भरला असं मानलं जाणार नाही. असिस्टवर शैक्षणिक वर्ष निवडावं लागतं. जुन्या वर्षाचं पान बघून निर्णय घेतल्याने पुष्कळ मुलं फसतात.

जानेवारी ते मे हा काळ कष्टाचा गेला. फीमाफीच्या योजनेत पूर्णवेळ राहायचं तर साधारणपणे आपल्याच कॉलेजात क्वार्टरला १२ युनिटं लागतात. म्हणून ती कमी करता येत नव्हती आणि वरून सेमिस्टरचं पाच युनिटांचं जपानी होतं. वर्ग संध्याकाळचा होता. जागा भरल्या होत्या, ती प्रतीक्षायादीत चौथी. अशा वेळी पहिल्या दिवशी वर्गात हजर राहावं, कारण नाव असूनही न आलेल्यांना प्राध्यापक काढून टाकतात आणि त्या जागा तिथेच भरतात.

खरा गोंधळ जूनमध्ये झाला. सेमिस्टरच्या कॉलेजचं उन्हाळी सत्र जूनच्या मध्याला सुरू होतं, क्वार्टरच्या कॉलेजच्या परीक्षा जूनच्या शेवटच्या आठवड्यात असतात. जवळजवळ दोन आठवडे दोन्ही एकमेकांवर आले. आणि उन्हाळ्यातलं १बी म्हणजे तेच २४० तास आठ आठवड्यांत, आठवड्याला ३० तास. सहा आठवड्यांचं सत्र निवडलं असतं तर ४०. तिने आठ आठवड्यांचा, ठरावीक वेळेचं बंधन नसलेला ऑनलाइन वर्ग घेतला आणि परीक्षा पार पाडल्या. या सोयीची किंमत पुढे मोजावी लागली.

मराठी घराचा फायदा तिला इथेच झाला. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय लागतात. मुळाक्षरांचा क्रम आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो आला, म्हणून क-ख-ग म्हणत वाढलेल्या मुलाला तो परका वाटत नाही. सर्वांत मोठी सोय 'ते' रूपाची. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलं त्यावर आठवडेच्या आठवडे अडतात. "ओकिते, काओ ओ आरात्ते, गाक्को ए इकिमासु." मराठीत शब्दाला शब्द ठेवून पाहा: उठून, तोंड धुऊन, शाळेत जाते. हे आपलं 'ऊन'च आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना हे कुणी दाखवून दिलं तर महिनाभराचं काम आठवड्यात होतं. मात्र स्वराच्या लांबीवर मराठी कान कच्चा पडतो, कारण आपल्या बोलण्यात इ-ई, उ-ऊ यांच्या लांबीने अर्थ फारसा बदलत नाही. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. हा फरक पहिल्या महिन्यात पक्का केला नाही तर पुढे कायम त्रास देतो.

ऑगस्टमध्ये १बीचा निकाल लागला, पण जपानी ४ ची नोंदणी जुलैतच उघडली होती. दुसऱ्या कॉलेजातली पूर्वअट झाली आहे हे आपल्या कॉलेजच्या संगणकाला आपोआप कळत नाही. त्यासाठी प्रीरिक्विझिट क्लिअरन्सचा अर्ज करावा लागतो, गुणपत्रिका जोडावी लागते आणि मंजुरीला काही दिवस लागतात. वर्ग चालू असतानाच 'प्रगतीत' असं दाखवणारी गुणपत्रिका जोडून तिने जूनअखेर अर्ज टाकला होता. निकालाची वाट पाहत बसली असती तर जपानी ४ ची एकुलती एक तुकडी भरून गेली असती.

जपानी ४ मध्ये बसल्यावर दोन धड्यांचा फरक निघाला. शेजारच्या कॉलेजने जिथे पहिलं वर्ष संपवलं, तिथून दोन धडे पुढे या कॉलेजने सुरुवात धरली होती. कांजीही, म्हणजे जपानीतली चिनी चिन्हंही, तीसेक कमी झालेली. दोन कॉलेजांत पाठ्यपुस्तक एक असलं तरी कुठे थांबायचं हे प्रत्येक विभाग स्वतः ठरवतो. जपानी ४ चा सिलॅबस ऑगस्टमध्येच मागून घेतला तर तीन आठवड्यांत हे भरून निघतं. तिने सप्टेंबरात मागितला आणि पहिल्या चाचणीत गुण गमावले.

युनिटांचा हिशोब मात्र नीट बसला. पहिल्या वर्षी १४, १२ आणि १२ अशी ३८ क्वार्टर युनिटं. जपानीची १० सेमिस्टर युनिटं दीडपटीने १५. एकूण ५३. यूसीच्या सहा कॅम्पसना हमी प्रवेशाची, म्हणजे टॅगची सोय आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या काळात करायचा असतो आणि तोवर ४५ क्वार्टर युनिटं झालेली लागतात. उन्हाळ्यातलं जपानी धरूनच ती त्याच्या सुरक्षितपणे पुढे गेली. दुसऱ्या वर्षी १३-१३-१३ अशी ३९ युनिटं मिळून ९२ झाली. ट्रान्सफरला किमान ९० लागतात. श्रेणीबद्दल एक सांगायला हवं: मुख्य विषयाची भाषा नेहमी अक्षरी श्रेणीवर घ्यावी. पास-नापास पद्धतीची २१ पेक्षा जास्त क्वार्टर युनिटं यूसी ट्रान्सफरसाठी धरत नाही.

सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या, वर्गांबाबत एक गैरसमज घरोघरी आहे: भाषेच्या वर्गाने त्यातलीही एक जागा भरते असा. २०२५ च्या सप्टेंबरपासून नव्या विद्यार्थ्यांना कॅल-जीईटीसी हा एकच आराखडा लागू आहे: ११ वर्ग, ३४ सेमिस्टर युनिटं, म्हणजे ५१ क्वार्टर युनिटं. आधीच्या आयजीईटीसीत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचा वेगळा रकाना होता, नव्यात तो नाही. त्यामुळे जपानी १ ते ३ हे मुख्य विषयाची तयारी म्हणून मोजले जातात, सामान्य शिक्षणाची जागा भरत नाहीत. ५१ आणि जपानीची ३० मिळून ८१ होतात. इतर आवडीला नऊ-दहा युनिटं उरतात. आयजीईटीसीचा तो रकाना इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं शिकलेल्यांना भरून मिळत असे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना त्याचा उपयोग झाला. विद्यापीठाच्या आतल्या एखाद्या कॉलेजची पदवीसाठी भाषेची वेगळी अट आजही असू शकते, म्हणून मराठी शाळेच्या गुणपत्रिका टाकून देऊ नका.

पुण्यातल्या नातेवाइकांकडून एक सल्ला हमखास येतो: जेएलपीटी (जपानी भाषेची प्रमाणपत्र परीक्षा) दे, तिची एन-४ पातळी झाली की वरच्या वर्गात घेतील. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा मोठी आहे आणि तिथे त्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात वजनही आहे. पण त्या परीक्षेत बोलणं नाही, लिहिणं नाही. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गांऐवजी ती चालत नाही. अमेरिकेत ती वर्षातून एकदाच, डिसेंबरात होते. स्वतःची पातळी जोखायला जरूर द्यावी.

तिने स्पॅनिशच पुढे नेलं असतं तर वाट सोपी झाली असती, हेही नमूद करायला हवं. २०१० च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी स्पॅनिशमध्ये मिळते आणि ती घेतल्यावर कॅल स्टेट, म्हणजे यूसीहून वेगळ्या सार्वजनिक विद्यापीठसमूहात, कुठेतरी प्रवेशाची हमी असते. कुठला कॅम्पस, याची नसते. जपानीत तशी पदवी नाही. पण मुलीला शिकायचं होतं जपानी. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजाने इंग्रजी भाषकाला स्पॅनिशला ६०० ते ७५० तास वर्गात लागतात, जपानीला २,२००. कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांत वर्गातले तास ३५० च्या आसपास होतात. एवढ्या लांबच्या वाटेवर आवड नसताना कुणाला ढकलू नये, आणि आवड असलेल्याला अडवूही नये.

मुलं एच-४ व्हिसावर (एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेल्या कुटुंबांसाठी थोडं वेगळं. कॅलिफोर्नियात एच-४ वरची मुलं एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे देऊन रहिवाशाची फी मिळवू शकतात. ते पुरावे शाळेच्या शेवटच्या वर्षातच गोळा करावेत. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेला की फीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. या कुटुंबांना भाषेचं गेलेलं एक वर्ष इतरांपेक्षा महाग पडतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिने यूसीचा अर्ज भरला. जपानी ५ आणि ६ 'नियोजित' म्हणून दाखवले आणि ३१ जानेवारीपर्यंतच्या अपडेटमध्ये जपानी ४ ची श्रेणी भरली. अर्जात लिहिलेला प्रत्येक वर्ग जूनपर्यंत पूर्ण व्हावा लागतो. एप्रिलमध्ये कंटाळून जपानी ६ सोडलं तर मिळालेला प्रवेश धोक्यात येतो. तिने ते पूर्ण केलं. प्रवेश मिळाला.

मग सप्टेंबरातली प्लेसमेंट परीक्षा आली. युनिटं कागदावर पोहोचतात, पण कुठल्या वर्गात बसायचं हे अनेक विभाग स्वतः परीक्षा घेऊन ठरवतात. वाचन आणि व्याकरण तिला जमलं. परिच्छेद हाताने लिहा म्हटल्यावर पेन थांबलं. उन्हाळ्यातला १बी ऑनलाइन होता. तिथे कीबोर्डवर उच्चार टाइप केला की कांजींची यादी समोर येते आणि त्यातली बरोबर निवडायची असते. ओळखायची सवय झाली होती, काढायची नव्हती. 'खाणे' या क्रियापदाची कांजी तिने रोज वाचली होती, पण कागदावर तिच्या नऊ रेघांपैकी पाचांवर हात अडला.

विभागाने तिला दुसऱ्या वर्षाचा शेवटचा वर्ग पुन्हा सुचवला. तो घेतला असता तर आधीच मिळालेल्या युनिटांवर नवी युनिटं मिळाली नसती. तिने जपानी ४, ५, ६ चे सिलॅबस आणि वर्गात लिहिलेले दोन निबंध जपून ठेवले होते. ते दाखवल्यावर तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या वर्गात सहा आठवड्यांच्या अटीवर घेतलं. ते सहा आठवडे ती रोज सकाळी वीस मिनिटं चौकटीच्या कागदावर जुन्या कांजी रेघांच्या क्रमाने काढत होती, दिवसाला दहा. ऑक्टोबरच्या शेवटी अट काढून टाकण्यात आली.